आरशांना शिकवलेला माणूस

३ मार्च, सोमवार

पोचले.

शेगावला गाडीतून उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. सौर प्रकल्पाची जीप घ्यायला आली होती. वाटेत वरवट बकालला थांबून चहा प्यायले. पुढे काळी जमीन, कपाशीच्या उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. एका वळणावर टॉवर दिसला. त्याच्या पायाशी चारशे आरसे, एकेका खांबावर एकेक, सगळ्यांच्या माना कललेल्या. मी जीपमध्ये एकटीच हसले. सात वर्षं चिंचवडला असे आरसे फिरवणाऱ्या मोटारी तयार करत होते. त्या कुठे जाऊन लागतात ते कधी पाहिलं नव्हतं. आता आठशे मोटारी माझ्या ताब्यात.

खोली कुंपणाच्या आत आहे, आरशांच्या शेवटच्या रांगेला लागून. एक दार, एक खिडकी, कूलर. दाराला नवा हिरवा रंग. अजून वास येतो.

आरसे धुणाऱ्या सहा बायका शेजारच्या गावातून येतात. त्यांनी माझी ओटी भरली. नोकरीच्या जागी असं काही होईल हे मला वाटलं नव्हतं. त्यांची म्होरकी पुष्पांजली. चाळिशीची, काटक, तोंडाची फटकळ. लग्न झालं का, तिने विचारलं. नाही म्हटलं. "मंग आता या आरशाईसंगच संसार करा, मॅडम," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग त्यांनी मला हाताला धरून आरशांच्या मधोमध नेलं. तिथे सिमेंटचा एक ओटा आहे. त्यावर उभं करून फोटो काढला. डोळे मिटू नका, उन्हाकडे पाहा, म्हणत होत्या. पुष्पांजलीची धाकटी जाऊ कोकिळा तेवढी हसत नव्हती. तिला उन्हाचा त्रास होत असावा.

चांगली माणसं आहेत. झोप येते आहे.

४ मार्च

पुष्पांजली आज आली नाही. भाचीचं लग्न आहे, रोहिणखेडला. हे ज्ञानेश्वरने सांगितलं. तो नियंत्रण खोली सांभाळतो. याच तालुक्यातला, पंचविशीचा, सतत तोंडात बडीशेप. सकाळी आरसे रांगेरांगेने जागे करताना माइकवर म्हणतो, "उठा बे, दिस निंगाला." माइक कशालाही जोडलेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, त्याईले ऐकू येत नाई, मले बरं वाटते.

दिवसभर रांगा फिरले. काम सोपं आहे आणि सुंदर आहे. प्रत्येक आरशाला दोन मोटारी. एक त्याला खांबाभोवती फिरवते, दुसरी मान वरखाली करते. प्रत्येकाच्या खांद्यावर हाताएवढं सौर पॅनल आणि डब्यात बॅटरी. म्हणजे कुणाची वायर कुणाला नाही. नियंत्रण खोलीतून फक्त बिनतारी हुकूम जातो. गिअर मळसूत्री आहे. मोटार आरशाला फिरवू शकते, आरसा मोटारीला फिरवू शकत नाही. वाऱ्याने ढकललं, माणसाने ओढलं, तरी आरसा हलत नाही. मला हा गिअर आवडतो. तो एकाचंच ऐकतो.

लोकांना वाटतं आरसा सूर्याकडे बघतो. तो सूर्याकडे बघत नाही, टॉवरकडेही बघत नाही. दोघांच्या बरोबर मध्ये बघतो. तेव्हाच ऊन टॉवरच्या माथ्यावर पडतं. म्हणून या शेतात उभं राहिलं तर एकही आरसा आपल्याकडे बघत नसतो. आणि एखाद्या आरशात सूर्य दिसला, तर तो आरसा आपल्यावर लागलेला असतो.

६ मार्च

पुष्पांजली परत आली. बुंदीचे लाडू आणले. नको म्हटलं तरी दोन हातात कोंबले. आज ती गात होती. तिच्या डाव्या गालावर आणि दंडावर कातडी सुकून सोलली आहे. विचारलं तर म्हणाली, चुलीजवळ बसलं की होतंच.

इथलं पाणी खारं. विहिरीचं पाणी आरशावर वाळलं की पांढरे डाग पडतात. म्हणून धुवायचं पाणी यंत्रातून गाळून येतं. बायका त्याला गोडं पाणी म्हणतात आणि घरी प्यायलाही नेतात. त्यांची धुण्याची रीत वेगळी आहे. कुणीही आरशासमोर उभी राहत नाही. बाजूला उभं राहून लांब दांड्याच्या फडक्याने धुतात. सुरक्षेची इतकी शिस्त मी चिंचवडला पाहिली नाही. तसं बोलले.

"शिस्त कायची, मॅडम. सवय," पुष्पांजली म्हणाली.

दुपारी माझ्या दारावर उन्हाचा चौकोन पडला होता. दार छपराच्या सावलीत असतं. तिथे ऊन येत नाही. जवळच्या रांगेतला एक आरसा भरकटला असणार. उद्या बघते.

९ मार्च

आरसा सापडला. फिरवणारी मोटार बदलली. नवी बसवून टॉवरवर लावून बघितलं, ऊन जिथे पडायचं तिथे पडलं. जेवून आले तर पुन्हा दारावर.

नियंत्रण खोलीत पडद्यावर तो आरसा टॉवरकडेच आहे. हिरवा ठिपका. मी ज्ञानेश्वरला खिडकीशी नेऊन दाखवलं. त्याने पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. मग बडीशेपेची पुडी माझ्यापुढे धरली. "खा मॅडम," म्हणाला. 

माझ्या मोटारी खोटं बोलत नाहीत. मापनात चूक आहे. शोधीन.

१४ मार्च, धुळवड

सुट्टी. गावात हलगी वाजते आहे. ज्ञानेश्वर आरसे जागे करून दहा वाजता निघून गेला. आवारात मी एकटी.

न्याहारीनंतर शेतात गेले. चौकोन दारावरून उतरला आणि माझ्यामागे आला.

नीट लिहायला हवं. मी डावीकडे गेले. मोटारीचा बारीक आवाज आला, आणि ऊन डावीकडे आलं. मी थांबले, ते थांबलं. मी धावले तर ते मागे पडलं, कारण या मोटारीचा वेग मला माहीत आहे, ती धावणाऱ्या माणसाला गाठू शकत नाही. मी थांबल्यावर ते सावकाश माझ्या छातीवर येऊन बसलं. ऊबदार. जड वाटलं, पण ऊन जड नसतं.

माझ्यावर ऊन पाडायचं तर त्या आरशाला सूर्य कुठे आहे ते माहीत हवं, आणि मी कुठे आहे ते. पहिलं त्याला मी शिकवलेलं आहे. दुसरं कुणी?

परत येताना दुसऱ्या एका आरशात सूर्य दिसला. मग तिसऱ्यात.

घाबरले होते. दारातून मागे वळून त्यांना वाकुल्या दाखवल्या. बत्तिसाव्या वर्षी. बरं वाटलं.

१६ मार्च

आता सात आहेत. सातही आरशांच्या बॅटऱ्या काढल्या. पॅनलं सोडवली. त्यांच्यात वीज नाही.

फिरतात.

पहिल्या आरशाची मोटार पूर्ण उतरवली आणि खोलीत आणून टेबलावर ठेवली. आता तो आरसा फिरणं अशक्य आहे. वर लिहिलंच आहे, हा गिअर एकाचंच ऐकतो. आणि ती मोटार माझ्या टेबलावर आहे.

जेवण गरम करायला शेगडीकडे गेले तर मागे बारीक आवाज. टेबलावर मोटारीचा शाफ्ट फिरत होता. वायर नाही, काही नाही. मी थांबले, तो थांबला. मी खिडकीकडे गेले. तो उलटा फिरला. जेवढी मी गेले तेवढाच.

खिडकीतून पाहिलं. बाहेर तो मोटार नसलेला आरसा माझ्या खिडकीकडे वळत होता.

हातोडी घेतली आणि शाफ्ट वाकवला. आता तो खरडत फिरतो. फिरू दे. ही मोटार चिंचवडला माझ्या हाताखालून गेली आहे, नंबर ओळखते मी. तिने मला घाबरवायचं?

१७ मार्च

ज्ञानेश्वरला गाठलं. दार लावून घेतलं. म्हटलं, सांगितल्याशिवाय सोडणार नाही. त्याने तोंडातली बडीशेप गिळली. मग बोलला. माझ्याआधी प्रेम नावाचा इंजिनियर होता. तो याच खोलीत राहायचा. दाराचा रंग दोनदा उडाला, फुगून. तिसऱ्यांदा रंगवायच्या आधी प्रेम निघून गेला. आता मेहकरला मोबाईलचं दुकान टाकलं आहे. ठणठणीत आहे. फोन उचलत नाही.

म्हणजे गेलं की सुटतं, मी म्हटलं.

"हाव," तो म्हणाला. "जाणारा सुटते." आणि म्हणाला की बाकीचं तुळशीरामबाबाला विचारा, गावात मारुतीमागे घर आहे. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

१८ मार्च

कुंपणाबाहेर पडल्यावरही ऊन फाट्यापर्यंत पाठीवर होतं.

तुळशीरामबाबा सत्तरीचे असतील. ओट्यावर बसलेले, तोंड उन्हाकडे. दोन्ही बुबुळं पांढरी. पाऊल ऐकून म्हणाले, "नवीन बाई व्हय? किती आरशाईनं धरलं तुले?"

नऊ, मी म्हटलं.

"माह्या वक्ताले एक एकच धरे." हे त्यांनी थोडं अभिमानाने सांगितलं. मी शेजारी बसले. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते, जेवढं आठवतं तेवढं.

"टावर यायचा होता अजून. आरसे लागून गेलते. अन् मोठे साहेब लोक पाह्याले येऊन राह्यले होते. आरसे चालते का नाई ते दाखवायचं कायवर? ठेकेदार म्हणे, तुळशीराम, तू हो टावर. मले पांढरं धोतर डोक्यावरून पांघरलं अन् ओट्यावर उभं केलं. एका एका आरशाले माह्यावर ऊन पाडाले लावलं. बराबर पडलं का म्या हात वर करायचा. मंग म्हणे, आता चाल. म्या चाललो तं आरसा बी चालला पाह्यजे. चालला. साहेब लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मंग रोजचंच झालं. आख्खा उन्हाया. चारशेच्या चारशे म्या शिकवले, बाई. टावर मंग आला. टावर त्याईच्यासाठी दुसरा हाये. पह्यला माणूस."

मी विचारलं, तुम्ही सुटलात कसे.

टॉवर आल्यावर त्यांना घरी बसवलं. एक अख्खा दिवस ते आरशांना दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आरशांनी प्रेमला धरलं. एक अख्खा दिवस, ते म्हणाले. तेवढी ते वाट पाहतात. मग दुसरं माणूस बघतात. आणि दर नव्या माणसाला आधीच्यापेक्षा जास्त धरतात. "कामून का तं त्याईले वाटते, माणूस सुटलं. आपलं चुकलं."

निघताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, जाय घरी.

मी हिशोब जुळवत परत आले. प्रेम फेब्रुवारीत गेला. मी तीन मार्चला आले. मधले दिवस आरशांनी कुणाला तरी धरलं असणार. सोललेला गाल आठवला. ओटी आठवली. चार तारखेची सुट्टी आठवली.

१९ मार्च

पुष्पांजलीला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. मला वाटलं ती नाकारेल. नाकारलं नाही.

"हाव. म्याच केलं," ती म्हणाली. फोटोसाठी मला ओट्यावर उभं केलं, म्हणजे आरशांनी मला नीट पाहावं. मग एक दिवस घरात बसली, खिडक्या लावून. लग्नबिग्न काही नव्हतं. लाडू वरवटच्या हॉटेलातले.

माझ्या तोंडून वाईट शब्द गेले. तिने ऐकून घेतले. मग तिचा आवाज चढला.

"मंग कोणाले देऊ? कोकिळेले? पाचवा चालू हाये तिले. आमच्यातल्या कोणाले बी धरलं असतं. म्या घरी बसली असती अन् उद्या कोकिळा उभी असती तिथं. तुम्ही बाहेरच्या. तुमाले जीप येते घ्याले. नाई झेपलं तं जासान तुम्ही गाडीत बसून. आमी कुठं जावं व बाई, इथंच तं घर हाये!"

मी म्हटलं, मग कुणीच यायचं नाही. आवार ओस टाकायचं.

ती हसली. टाकीवर चढली आणि मलाही चढायला लावलं. वरून गाव दिसत होतं. मारुती, पाराची सावली, शाळेचं अंगण. अंगणात पोरं ओळीने बसून खिचडी खात होती.

"आपल्याले दिसते तं त्याईले बी दिसते," ती म्हणाली.

 उतरताना तिने मला हात दिला. मी घेतला नाही. पुढच्या पायरीवर पाय घसरला तेव्हा घेतला.

२० मार्च

साईट प्रमुख महादेवराव अकोल्याला बसतात. फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, उन्हाचा परिणाम आहे, उन्हाळ्यात नव्या माणसाला होतो, लगेच रजा घ्या. उद्या संध्याकाळी जीप पाठवतो.

मी म्हटलं आरसे उतरवायला क्रेन पाठवा.

ते म्हणाले, आरशाला हात लावायचा नाही. ते तुमच्या बापाचे नाहीत.

एकवीस धरले आहेत. सकाळी दार उघडलं तर रंगाला फोड आले होते. खोलीत लपले तर संध्याकाळपर्यंत सुटेन. उद्या कोकिळा, किंवा खिचडी खाणारं एखादं पोर. तिला चारशेपैकी किती धरतील?

मी जाणार नाही. धैर्य वगैरे नाही हे. मला राग आलाय. एका ठेकेदाराला टाळ्या हव्या होत्या म्हणून.

२१ मार्च

जीप आली. रिकामी परत पाठवली.

उपाय एकच. मोटार काढून उपयोग नाही, वीज काढून नाही. आरशालाच खांबावरून उतरवायचं आणि तोंड मातीत घालायचं. चार बोल्ट, दोन माणसं. माती आरशाला काही दाखवत नाही.

ज्ञानेश्वर म्हणाला, माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, तू हात लावू नकोस. थोड्या वेळाने तो पान्ह्यांची पेटी माझ्या दारात ठेवून गेला आणि जाताना मोठ्याने म्हणाला की पेटी चोरीला गेली.

दोघांचं काम एकटीने केलं, कसेबसे तीन उतरवले. मागून काम करायचं. पुढून इतर आरसे माझ्यावर. मान भाजली.

२२ मार्च

सकाळी पुष्पांजली आली. मागे बाकीच्या चौघी. कोकिळेला घरी ठेवून.

"सरका," म्हणाली. "बोल्ट असा खोलतात का? जीव लावून खोला."

मग ठरवलं. आरसे माझ्याकडे बघतात. मी ओट्यावर उभी राहिले की सगळे ओट्याकडे. मग त्यांच्या पाठीमागे कुणी काय करतं हे त्यांना दिसत नाही. मी उभं राहायचं, बायकांनी पाठीमागून काढायचं.

पुष्पांजली म्हणाली, आज ओट्यावर मी उभी राहते. मी नाही म्हटलं. ते मला धरून आहेत, तुला नाही. ती म्हणाली, असं लगेच मिरवू नका.

ओली गोधडी पांघरून उभी राहिले. गोड्या पाण्याने भिजवलेली. ती वाळली की उतरायचं, सावलीत, पण आरशांना दिसेन असं बसायचं, पुन्हा भिजवायची.

तीस उतरले. काळ्या मातीत पालथे, पापड घातल्यासारखे. बायका तसंच म्हणतात. आज किती पापड झाले, मॅडम?

२३ मार्च

आता चाळीसच्या वर धरतात. पण उरलेत कमी कमी. आपण पुढे आहोत.

गोधडी पहिल्यापेक्षा लवकर वाळते. हातांवर फोड. कोरफड लावली.

महादेवराव फोनवर ओरडत होते. फोन ओट्यावर ठेवला. थोड्या वेळात काच तडकली.

२५ मार्च

अर्धे पालथे.

आज मी ओट्यावरून त्यांच्याशी बोलले. मोठ्याने. म्हटलं, मी तुळशीराम नाही. मी हात वर करणार नाही. बरोबर लागलं म्हणून सांगणार नाही. शिकायचं ते उलटं शिका.

पुष्पांजली रांगेमागून ओरडली, अजून द्या दोन शिव्या! मी दिल्या. बायकांनीही. एकीने तर अशी दिली की मला अर्थ कळला नाही.

हसल्यामुळे ओठ फुटला.

२६ मार्च

हात वळत नाही. अक्षर बिघडलं आहे.

पडद्यावर सगळे ठिपके हिरवे. पालथे पडलेले सुद्धा. ज्ञानेश्वरने पडदा बंद केला, पान्हा घेतला आणि आला. नोकरीचं काय, विचारलं. "जाऊ द्या बे," म्हणाला, मग जीभ चावली — मॅडम.

शंभर उरले.

२७ मार्च

उरलेले सगळे माझ्यावर. एकदम. सकाळपासूनच.

आधी थोडे थोडे वाढायचे. आता वाट बघत नाहीत.

गोधडी पेटली. पुष्पांजलीने बादली ओतली. तिचा हात — दाखवत नाही.

उद्या संपवू.

२८ मार्च

ढग नाही. एकही.

ओट्यावर जितकं होईल तितकं. मग खाली. पुन्हा वर. डावा डोळा बंद आहे.

सत्तर उरले.

बारा वाजले असतील. चाळीस. ते भराभर काढताहेत, मी आवाज ऐकते, बोल्ट पडल्याचा. गात आहेत. खरंच गात आहेत.

वीस.

वर उभं राहवलं नाही. खाली बसले, पालथ्या आरशाच्या आडोशाला. जरा वेळ. दिसेन असं बसायला हवं होतं पण डोळा — थंड आहे इथे. एवढं लिहून उठते. जिंकतो आहोत. पुष्पांजली म्हणते संध्याकाळी पिठलं —

मोटारींचा आवाज.

वीसही. फिरताहेत. माझ्याकडे नाही. दिवसभर वाट बघायचे ते. आता एवढीशीही —

वाटेवर कोकिळा. कळशी घेऊन. तिला येऊ नको म्हटलं होतं. ती थांबली आहे. समोर बघते आहे. तिच्या लुगड्यावर चौकोन, दुसरा, तिसरा —

पुष्पांजली ओरडते, लांब आहे, पोचणार नाही ती. मी जवळ आहे. ओटा जवळ आहे.

उठले. इकडे. मी गेलेली नाही. इकडे बघा, मी इथे आहे, मी इथंच